अक्काचं गुंतवळ

खोटंच लिहायचं असतं तर मी रात्रीचं लिहिलं असतं. अमावस्या, पिंपळ, कुत्र्यांचं रडणं... सगळं घातलं असतं.

ही दुपारची गोष्ट आहे. भर दुपारी दीड वाजताची. गाव मुरुड, जिल्हा लातूर. आमचं स्लॅबचं घर, आत दोन खोल्या आणि पुढं ओसरी. गेल्या वर्षीचा मे महिना. बुधवार होता.

माझं नाव बबिता. लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणते. पण जे ऐकलं ते ऐकलं, आणि जे पाहिलं ते चौघांनी पाहिलं.

यात मी कुणाचंही नाव बदललेलं नाही. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे. मला तर तो तीन वर्षांपासून आलेला आहे.

महानंदा माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिला नांदेडजवळ विष्णुपुरीला दिली होती. नवऱ्याचं नाव सिद्धलिंग. नोकरीवाला, निर्व्यसनी, दोन मजली घर... लग्नाच्या बाजारात जे जे लागतं ते सगळं. सहा वर्षं संसार झाला आणि एका एप्रिलात अक्का गच्चीवरून पडून गेली. कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या उलटायला गेली आणि पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं.

वेळ दुपारी दीडची.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, "आमची काही तक्रार नाही" म्हणून लिहून दिलं. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. तिकडंच माती दिली आणि आम्ही परत आलो. आमची आई, तिला आम्ही अव्वा म्हणतो, ती म्हणाली, "झालं गेलं गंगेला मिळालं."

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

कारण त्याआधी अक्का तीनदा माहेरी निघून आली होती. तिसऱ्यांदा शिवरात्रीला आली, तेव्हा आठ दिवस तिनं डोक्यावरचा पदर काढला नाही. "मला न्हाई जायचं," एवढंच म्हणायची.

अव्वा म्हणाली, "नांदायला गेलेली पोरगी अशी उठून येत असती का?"

अप्पांनी बसची वेळ विचारून आणली. आणि तिला नांदेडच्या बसमध्ये बसवलं कुणी? मी. खिडकीजवळची जागा धरून दिली, वर पाण्याची बाटली दिली. लई शहाणी मी!

नांदेडला नांदायला. शब्द कसे जुळतात बघा.

ती गेल्यावर सासरहून तिची पेटी आली. सहा साड्या, एक स्वेटर, आणि तळाशी एक कापडी पिशवी. पिशवीत गुंतवळ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विंचरताना कंगव्यात येतात त्या केसांना गुंतवळ म्हणतात. आमच्याकडं बायका ते फेकत नाहीत. गुंडाळी करून साठवतात. मग एक बाई दारावर येते, ते केस घेते आणि त्यावर भांडं देते. अक्काचे केस कमरेखाली यायचे. तिच्या लग्नाआधी तिच्या गुंतवळावर आमच्या घरात दोन पातेली आली होती. अजून त्यात दूध तापतं.

ती पिशवी अव्वानं माळ्यावर टाकली. उघडून कुणी बघितली नाही.

आता वीरेशचं सांगते. वीरेश माझा धाकटा भाऊ. इथं मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून फिलिपिन्सला शिकायला गेला. गेल्या वर्षी मे महिन्यात सुट्टीवर आला, तो एक वाद्य घेऊन.

हातभर लांबीचं सुद्धा नाही. लाकडाचं. छोटी सारंगीच म्हणा ना. त्याचं नाव गितगित. तिकडं मिंडोरो म्हणून एक बेट आहे, तिथल्या डोंगरात मांग्यान लोक राहतात. तिथले मूळचे लोक. त्यांच्या गावात कॉलेजचं आरोग्य शिबिर होतं. वीरेशनं मोबाईलवर दाखवलं. एक माणूस गितगित वाजवतोय, दुसरा कुडयापी नावाचं तारांचं वाद्य छेडतोय, एक पोरगी बांबूची पट्टी ओठाला लावून बोटानं झंकारतेय. फार हळू आवाज. शेजारच्या खोलीत कुणी बोलत बसलंय असा.

"बब्बे, याच्या तारा कशाच्या असतात सांग?"

"नायलॉनच्या."

"केसाच्या. बाईच्या डोक्याच्या केसाच्या. अन् वर घासायच्या गजाला पण केसच."

मग त्यानं सांगितलं, तिकडं पोराला पोरगी आवडली की तो तिच्या घराबाहेर येऊन हे वाजवतो. तिला पसंत असेल तर ती आतून उत्तर देते. नसेल तर देत नाही. मग तो निघून जातो.

"नुसता निघून जातो?"

"हाव."

मला आधी हसू आलं. मग इतका संताप आला की मी उठून आत भांडी घासायला बसले. तिकडं डोंगरात राहणाऱ्या पोरीला नाही म्हणता येतं. आमची अक्का बी.एस्सी. होती.

गितगित देणारी एक म्हातारी होती. वीरेशनं तिच्या पायाची जखम शिबिरात रोज धुतली, म्हणून तिनं घरातलं जुनं गितगित त्याला दिलं. त्याच्या तारा तुटलेल्या होत्या. म्हणाली, माझे केस आता टिकत नाहीत. तुझ्या घरच्या बाईचे लाव. पण तिला विचारून लाव.

आम्ही विचारलं नाही. गेलेल्या माणसाला काय विचारायचं? वीरेश म्हणाला, "अक्काचे लावू. आठवण राहील." मलाही ते बरं वाटलं. मीच शिडी लावून माळ्यावरची पिशवी काढून दिली.

लातूरला गंजगोलाईच्या मागं करीमचाचांचं दुकान आहे. तबला, ढोलकी, पेटी... सगळं दुरुस्त करतात. त्यांचे वडील सारंगीचे गज बांधायचे. घोड्याच्या शेपटीचे केस निवडायला चाचा लहानपणीच शिकलेले. गितगित बघून ते खूश झाले. दोन दिवसांनी या म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"बेटा, तू एकटी ये. भावाला आणू नको."

मी गेले. गितगित तयार होतं. तीन काळ्या तारा, गजालाही केस. चाचांनी वर्तमानपत्र पसरून त्यावर पिशवी ओतली होती.

"हे बघ," त्यांनी एक गुंडाळी उचलली. "हे गुंतवळ. कंगव्यात केस एकेक येतात. एकाचं मूळ इकडं, एकाचं तिकडं. सगळं उलटसुलट. याची तार होत न्हाई."

मग त्यांनी पिशवीच्या तळातल्या पुड्या पुढं केल्या. कागदाच्या लहान लहान पुड्या. मी मोजल्या. अकरा होत्या. प्रत्येकीत दोऱ्यानं बांधलेला केसांचा झुपका.

"आता हे बघ. सगळी मुळं एका बाजूला." चाचा माझ्याकडं बघत नव्हते. "सरळ केस दिसले म्हणून मी यातलेच घेतले, तारा ओढल्या. नंतर ध्यानात आलं. हे कंगव्यात आलेलं न्हाई बेटा. हे कुणाच्या तरी मुठीत आलेलं हाय. मला माफ कर."

मी एक झुपका उजेडात धरला. मुळाशी पांढरे ठिपके होते. केसाच्या मुळाशी काय असतं ते मी दर वर्षी शंभर पोरांना फळ्यावर काढून दाखवते. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुड्यांचे कागद कॅलेंडरचे होते. तारखेचे चौकोन फाडून केलेले. ज्या दिवशी ओढले त्या दिवसाचा चौकोन. शेवटची तारीख ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची होती.

केस उभी राहणार नाही, असं तेव्हा सगळे म्हणत होते. केस आमच्याच माळ्यावर पिशवीत पडले होते.

"वाजवून बघितलं का चाचा?"

"मी न्हाई वाजवलं." ते पुड्या परत पिशवीत भरू लागले. "पण वाजलं... आज. जोहरच्या नमाजेला उठलो होतो. दीडचा सुमार असंल."

घरी येऊन मी अकराही पुड्या अप्पांच्या पुढ्यात मांडल्या. त्यांनी बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग म्हणाले, "आता काय उपयोग? पोरगी वापस येणार हाय का?"

अव्वा पदर तोंडात धरून उभी राहिली. वीरेश ओसरीत जाऊन बसला, तो अंधार पडेपर्यंत आत आला नाही.

गितगित बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलं. गज दुसऱ्या खिळ्याला. टाकून द्यायचं तरी कुठं? अक्काचे केस होते ते.

सोमवारी दुपारी लाईट गेली. यात भुताचं काही नाही, मे महिन्यात मुरुडला लाईट जातेच. पंखा थांबला. कूलर थांबला. समोरच्या गिरणीचा आवाज बंद पडला. मी आणि वीरेश फरशीवर आडवे झालो होतो.

आणि...

स्स्स्...

मी उठून बसले. वीरेशही.

कुणी आपले केस मागून ओढले की आपण दातांतून श्वास आत घेतो ना... तसा. तारेचा होता, पण तसाच. बारीक, आणि मध्येच तुटलेला.

गज त्याच्या खिळ्यावर होता. हललासुद्धा नव्हता.

"वारं असंल," अप्पा आतून म्हणाले.

वारं नव्हतं. खिडकीचा पडदा सरळ लोंबत होता. आणि अप्पांनी आवाज ऐकला होता, हे त्यांनीच सांगून टाकलं.

त्याच संध्याकाळी फोन आला. अहमदपूरचे शिवशंकरअप्पा म्हणून एक गृहस्थ. सिद्धलिंगला दुसरी बायको करायची आहे, आपली मुलगी द्यायचा विचार आहे, तर बुधवारी चौकशीला येतो म्हणाले.

आमच्याकडं ही पद्धत आहे. बिजवराला पोरगी द्यायची झाली तर शहाणा बाप आधी पहिलीच्या माहेरी जातो. माणसं कशी आहेत विचारतो. पहिलीच्या आईबापांनी चांगलं म्हटलं की संपलं. त्याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

"चांगलंच सांगायचं," अप्पा म्हणाले. "आपण कशाला कुणाच्या लग्नात मोडता घालायचा?"

"अप्पा, त्या पुड्या बघितल्या ना तुम्ही?"

"बघितल्या. उद्या लोक विचारतील, एवढं होतं तर अर्जुनरावानं लिहून कसं दिलं? काय सांगू?"

असं होतं ते. दुसऱ्याची पोरगी गेली तरी चालेल, अर्जुनरावाची सही खोटी पडायला नको!

"मी सांगणार," मी म्हणाले.

"तोंड उघडलंस तर परत ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई."

माझ्या तोंडात आलेलं मी इथं लिहीत नाही. बाप आहे शेवटी.

बुधवार आला. शिवशंकरअप्पा एकच्या बसनं उतरले. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, हातात केळ्यांची पिशवी. दारातच हात जोडले. "शरणार्थ."

बसले. पाणी प्याले. म्हणाले, "पोरीला आई न्हाई. मीच आई अन् मीच बाप. म्हणून आलो, अर्जुनराव. तुम्ही एक पोरगी दिलेली हाय त्या घरात. तुमचा शब्द तो माझ्यासाठी शेवटचा."

अप्पांनी घसा खाकरला.

पंखा थांबला.

गिरणी थांबली. रस्त्यावरचा ऑटोचा आवाज लांब गेला आणि मग तोही आला नाही. मी वीरेशकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत होता.

"घर चांगलं हाय..." अप्पा म्हणाले.

स्स्स्...

शिवशंकरअप्पांनी मान वळवली. "काय वाजलं?"

"काही न्हाई. पोरानं परदेशातून आणलंय काहीतरी." अप्पांच्या कपाळावर घाम आला होता. "पाव्हणं, माणसं पण..."

स्स्स्...

या वेळी जवळून. आणि लांब.

"...माणसं पण चांगलीच हायेत. आमच्या महानंदाला त्यांनी कधी..."

तिसऱ्यांदा आवाज आलाच नाही.

आवाज यायला पाहिजे होता. आम्ही सगळे श्वास धरून त्याची वाट बघत होतो. काहीच आलं नाही... आणि त्या गप्प पडलेल्या घरात अव्वा चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात आली.

तिच्या डोक्यावरचा पदर मागं सरकला.

अंबाडा सुटला.

केस खाली पडले नाहीत.

मागं ताणले गेले. आडवे. दोरीसारखे सरळ. तिच्यामागं फक्त रिकामी खोली होती. पोळपाट होता, गॅस होता, माणूस नव्हता. तिची मान मागं गेली, हनुवटी वर आली, आणि तिनं दातांतून श्वास आत घेतला.

ट्रेमधला एक थेंब सांडला नाही.

मी ओरडले नाही. वीरेश उठला पण पुढं जाऊ शकला नाही. शिवशंकरअप्पांच्या हातातली केळ्यांची पिशवी खाली पडली. आणि अव्वा, जी चार माणसांत कधी बोलत नाही, ती तशीच मान मागं धरलेली, छताकडं बघत बोलली.

"देऊ नका. त्या घरात पोरगी देऊ नका. माझी तीनदा आली होती. मीच परत धाडली."

केस सुटले. खांद्यावर येऊन पडले.

अव्वानं ट्रे टेबलावर ठेवला आणि खाली बसली.

शिवशंकरअप्पांनी तिच्या पायांना हात लावला. अप्पांकडं बघितलं नाही. चहा न घेता निघून गेले. ते लग्न मोडलं, हे नंतर कळलं.

संध्याकाळी मी अव्वाचं डोकं बघितलं. मागच्या बाजूला रुपयाएवढी जागा लाल होती. तेल लावायला गेले तर तिनं हात धरला. "राहू दे," म्हणाली. "तिला कुणी लावलं होतं?"

आता मला माहीत आहे, खाली कमेंटमध्ये लोक लिहितील, 'शापित वाद्य', 'आदिवासींची जादू', 'नदीत सोडून द्या'. लिहू नका. ते गितगित चांगलं आहे. बिचाऱ्या म्हातारीनं मायेनं दिलेलं आहे. त्यात जे वाजतं ते आमच्या घरचं आहे.

त्या दिवसानंतर ते गप्प झालं. वीरेश परत गेला. दहा-अकरा महिने एक आवाज नाही. मला वाटलं, अक्का शांत झाली.

गेल्या सोमवारी दुपारी परत वाजलं.

मंगळवारीही. काल तर दोनदा.

मी चौकशी केली. सिद्धलिंगचं लग्न ठरलं आहे. याच महिन्यात आहे. या वेळी मुलीकडचे आमच्याकडं आलेच नाहीत. त्यांना येऊ दिलं नसणार. कुणी म्हणतं उदगीरची आहे, कुणी म्हणतं देगलूरची. नाव कुणी सांगत नाही. मध्यस्थाला फोन केला, त्यानं कापला. विष्णुपुरीला केला, त्यांनीही कापला. अप्पांना म्हटलं, तुम्ही जा. ते म्हणाले, गुडघे दुखतात.

मी सुट्टी घेऊन मुरुडला आले आहे. रोज दुपारी त्या खोलीत केस मोकळे सोडून बसते. अव्वाची पाळी झाली. अप्पांच्या डोक्यावर केसच नाहीत, ते सुटले. माझी पाळी अजून आलेली नाही. तिला ओढायचे तर ओढू दे, मी मान हलवणार नाही. पण ती मला हात लावत नाही. नुसती वाजते.

हे लिहायला बसले तेव्हा एक वाजला होता. आत्ता पंखा थांबला आहे.

तुमच्या नात्यात, गल्लीत, ओळखीत विष्णुपुरीच्या बिजवराचं स्थळ ठरलं असेल तर त्या लोकांना आमच्याकडं पाठवा. मुरुडला अर्जुनरावांचं घर कुणीही दाखवेल. अव्वा सांगेल, मी सांगेन.

आणि पोरी, हे तूच वाचत असशील तर ऐक. तुला कुणी विचारलं नसेल तरी तू नाही म्हण. म्हणता आलं नाही, लग्न होऊन गेलं, तरी निघून ये. कधीही ये, कशीही ये. या घरातून तुला कुणी परत धाडणार नाही.